आठ महिने कांद्याचं पथ्य

ज्यांचं अंग वर्षानुवर्षं दुखतं आणि रिपोर्ट मात्र सगळे चांगले येतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नाशकातल्या आमच्या उपनगर भागातल्या बुद्धविहारात दर रविवारी आम्ही बायका जमतो. तिथे एकदा मी हे सगळं तोंडी सांगितलं. सांगून झाल्यावर चपला घालायच्या जागी तीन जणी घुटमळत थांबल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "सुमनताई, मला पण असंच होतं, पण मी बोलत नाही." तेव्हा ठरवलं, लिहून ठेवायचं.

मी लेखिका नाही. सातपूरच्या एका कारखान्यात विजेची बटणं जोडायच्या लाइनवर बावीस वर्षं काम केलं. राग आला की सरळ बोलते, तसंच इथे लिहिणार आहे. ज्यांना गोडगोड वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरावं. गोडाचं मला फार झालंय.

सुरुवात

मुलगी, प्रज्ञा, चौथीत होती तेव्हा मान धरली. वाटलं, लाइनवर खाली मान घालून स्क्रू पिळते, त्यानं असेल. मग खांदे, मग पाठ, मग कंबर. सहा महिन्यांत अशी वेळ आली की अंगावर शाल पडली तरी ठणका लागायचा. रात्रभर झोपून सकाळी उठावं तर कुणीतरी बदडून काढल्यासारखं अंग. बोटं आखडायची. लाइनवरचा सुपरवायझर म्हणायचा, "सुमनबाई, हात चालवा की जरा." आता काय सांगू त्याला? हात चालतोय, पण चालताना रडतोय?

आमच्या ह्यांच्याबद्दल आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना त्यांना राक्षस समजू नका. पाटबंधारे खात्यात कारकून. दारू नाही, सिगारेट नाही, आवाज चढवणं नाही. पहिली दोन वर्षं ह्या माणसाने मला स्कूटरवर मागे बसवून नाशकातला एक डॉक्टर सोडला नाही. खड्डा आला की म्हणायचे, "धर घट्ट, खड्डा आहे." विहारातल्या बायका मला नशीबवान म्हणायच्या आणि मलाही तसंच वाटायचं.

"दिसत" हा शब्द कुठे पडला

निदान झालं तो दिवस पक्का आठवतो. गंगापूर रोडवरचा मोठा दवाखाना, तरुण डॉक्टर. रक्ताचे कागद, एक्स-रे, सगळं उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्या अंगावर ठिकठिकाणी अंगठा दाबला. दाबेल तिथे मी "आई गं" करत होते. शेवटी त्याने एका चिठ्ठीवर नाव लिहिलं: फायब्रोमायल्जिया. म्हणाला, "जिवाला धोका नाही. पण हे दुखणं चिवट असतं, सोबत राहतं."

ह्यांनी विचारलं, "म्हणजे नेमकं बिघडलंय काय?"

डॉक्टर म्हणाला, "तपासणीत काही दिसत नाही. दुखतं मात्र खरं."

मला त्या चिठ्ठीचा इतका आनंद झाला! आजाराचा आनंद होतो का कुणाला? मला झाला. माझ्या दुखण्याला नाव होतं. ती चिठ्ठी घडी घालून मी पर्समध्ये ठेवली.

घरी पोचलो. तेव्हा सासूबाई आमच्याकडे आलेल्या होत्या. त्या कळवणकडच्या खेड्यात राहायच्या, अहिराणी बोलायच्या, अधूनमधून यायच्या. त्यांनी विचारलं, "काय सांगं डाक्टरनी?" ह्यांनी चपला काढता काढता सांगितलं, "काही नाही निघालं."

डॉक्टर म्हणाला होता, काही दिसत नाही. गंगापूर रोड ते उपनगर एवढ्या वाटेत "दिसत" तेवढं गळून पडलं होतं. मी तिथेच म्हणायला हवं होतं, अहो, असं नव्हते म्हणाले ते. पण मला पाणी हवं होतं, बसायचं होतं. म्हटलं, जाऊ दे. त्या "जाऊ दे"चा मला आजही पश्चात्ताप होतो.

दवाखान्यातले पाच दिवस

मध्ये एकदा पाच दिवस ॲडमिट होते, मानेला वजनं लावायला. पहाटे पाचला सिस्टर दिवा लावायची, थर्मामीटर तोंडात. सहाला पाणचट चहा. मग मोठे डॉक्टर राउंडला यायचे आणि माझ्या पायाशी उभं राहून माझ्याबद्दल दुसऱ्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायचे. माझ्याशी मराठीत एकच वाक्य, "काय आजी, झोप लागली?" मी छत्तीस वर्षांची होते!

शेजारच्या खाटेवर इगतपुरीकडची एक बाई होती. भाताच्या खाचरात घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं बिचारीचं. ती माझ्याकडे एकदा बघून म्हणाली, "लय दुखतंय ना गं तुला? तोंडावरच दिसतंय." बस, एवढंच. तिने रिपोर्ट मागितला नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडले. दुपारी तिने मला तिच्या डब्यातली नागलीची भाकरी दिली.

गोड डॉक्टर

सगळं करून झाल्यावर कुणीतरी होमिओपॅथीचं सुचवलं. त्या डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. मी त्यांना मनात "गोड डॉक्टर" म्हणायचे, कारण गोळ्या गोड आणि बोलणंही गोड.

पहिल्या भेटीत ते माझ्याशी दोन तास बोलले. दोन तास! थंडी सोसते की उन्हाळा, तहान किती लागते, स्वप्नं कसली पडतात, राग आला की रडता की ओरडता. मी म्हटलं, "दोन्ही करते, आधी ओरडते." ते हसले, लिहून घेतलं. ह्यांना त्यांनी बाहेर बसवलं होतं. शेवटी विचारलं, "ताई, दुखण्यापेक्षा जास्त काय सलतं?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "घरात कुणाला खरं वाटेनासं झालंय. तोंडाने बोलत नाहीत, पण मी कण्हले की टीव्हीचा आवाज वाढतो. बाकी काही नको डॉक्टर, आमच्या ह्यांनी एकदा म्हणावं, सुमन, तुला दुखतंय, मला माहितेय. एवढ्यासाठी जीव तुटतो माझा."

तेही त्यांनी लिहून घेतलं. निळ्या शाईने, माझ्या डोळ्यांदेखत.

मेंदूचा आलेख

गोड डॉक्टरांना एक अभ्यास करायचा होता. जुनाट दुखण्याच्या काही पेशंटांच्या मेंदूचा आलेख काढायचा, गोळ्या सुरू करायच्या आणि चार महिन्यांनी परत आलेख काढायचा. गोळ्यांनी मेंदूत काही फरक पडतो का ते बघायचं. म्हणाले, "ताई, दुखतं अंगात, पण कळतं मेंदूला. तिथे बघायला नको का?" मला पटलं. वाटलं, आता तरी काहीतरी कागदावर उमटेल आणि मी तो कागद घरात भिंतीवर लावीन.

त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे मशीन होतं. खाटेवर झोपवलं, केसांत ठिकठिकाणी चिकट मलम लावून वायरी चिकटवल्या. डोळे मिटा, उघडा, मिटा. शेजारी सुई सरसर कागदावर चालत होती. मला दुखत होतं आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, उमट बाई, उमट.

ते मलम केसांतून निघता निघेना. तीन वेळा शिकेकाई लावली. तेवढ्यात शेजारच्या वहिनी डोकावल्या, "डोक्याला करंट दिला म्हणे?" दोन दिवसांत अख्ख्या कॉलनीत झालं, सुमनताईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. एक जण प्रज्ञाला शाळेच्या वाटेवर विचारत होती, आई घरात नीट वागते का गं? मी तिच्या दारात जाऊन विचारलं, "बाई, तुम्ही नीट वागता का?" त्यानंतर ती बाई माझ्याशी बोलली नाही, ते एक बरंच झालं.

पथ्य

गोळ्या सुरू झाल्या. साबुदाण्याहून बारीक, पांढऱ्या. बाटलीच्या झाकणात चार घ्यायच्या, हात लावायचा नाही, जिभेवर टाकायच्या. आणि पथ्य: कॉफी नाही, कापूर नाही, हिंग नाही, कच्चा लसूण नाही आणि मुख्य म्हणजे कच्चा कांदा नाही. उग्र वासाने औषधाचा गुण जातो म्हणे.

नाशिक जिल्ह्यात राहून कांदा नाही, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्याकडे पिठलं-भाकरी म्हणजे कांदा, मिसळ म्हणजे कांदा, उन्हात निघायचं तर पदरात कांदा. सासूबाईंच्या घरचं कांद्याचं पीक, पोतं यायचं गावाहून. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बायका बुक्कीने कांदा फोडायच्या, तर मी डबा घेऊन लांब खिडकीशी बसायचे. वासही नको म्हणून. घरात फोडणीला हिंग टाकणं मीच बंद केलं. विहारात कुणी अगरबत्ती लावली तर मी दारात बसायचे. इतकी मी कर्मठ झाले होते, मला स्वतःला हसू यायचं. पण मनात एकच होतं, आपल्याकडून चूक नको व्हायला.

आणि ऐका, मला बरं वाटायला लागलं. खरंच. दुसऱ्या महिन्यात एकदा सकाळी उठले आणि ओट्याशी उभं राहिल्यावर लक्षात आलं की मी भिंतीला न धरता आलेय. तिसऱ्या महिन्यात सलग झोप लागली. प्रज्ञाची वेणी एका दमात घातली, मध्ये हात खाली न सोडता. चार महिन्यांनी परत मलम, परत वायरी. गोड डॉक्टर आलेखाच्या घड्या उलगडत म्हणाले, "ताई, फरक आहे हं! छान फरक आहे." मी पेढे नेले होते.

पुढचे महिने मात्र सगळेच खरे नव्हते, हेही सांगून टाकते. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर विचारायचे, "कसं काय ताई?" आणि मी म्हणायचे, "बरं आहे." आता आपल्यात बरं आहे कधी म्हणतात? कुणी मेलं नाही म्हणजे बरं आहे. दारात पाहुणा आला, त्याने विचारलं, की बरं आहे. काही दिवस खरंच बरं असायचं आणि काही दिवस जिने चढताना डोळ्यांत पाणी यायचं, तरी दारातून आत गेल्यावर तोंडातून निघायचं, बरं आहे. एवढे कष्ट घेतायत, त्यांना कशाला तोंडावर नाही म्हणायचं? डॉक्टर माझ्या कागदावर इंग्रजीत एक शब्द लिहायचे. पुढे मी तो वाचला: बेटर. दर पंधरा दिवसांनी बेटर.

साखरच शे

आठवा महिना. रविवारची दुपार. सासूबाई गावाहून नवा कांदा घेऊन आलेल्या. हे कॉलनीच्या मीटिंगला गेलेले, प्रज्ञा मैत्रिणीकडे. मी भाकरी थापल्या, त्यांनी ठेचा केला. त्यांनी पाटावर कांदा ठेवून बुक्की मारली आणि अर्धा माझ्या ताटात टाकला. मी ताट मागे ओढलं.

"नको आई. गोळ्या चालू आहेत ना."

 म्हातारी साधी होती, पोटात काही ठेवायची सवय नाही. म्हणाल्या, "खाई ले व माय. साखरच शे ती."

मी हसले. म्हटलं, "गोड असतात हो, पण औषध आहे ते."

"औषध नही शे व. पोऱ्यानी सांगं माले." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

मी पोऱ्याबद्दल, म्हणजे आमच्या ह्यांच्याबद्दल, एकही प्रश्न त्यांना विचारला नाही. हात धुतला. ताट तसंच झाकून ठेवलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले.

हे साडेतीनला आले. मी विचारलं, "गोळ्यांत काय आहे?"

एखाद्याने आधी कानावर हात ठेवले असते, आरडाओरडा केला असता. ह्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या मशीनच्या दिवशी मी आत केस पुसत होते तेव्हा बाहेर डॉक्टरांनी ह्यांच्या हातात एक इंग्रजी कागद दिला होता. अभ्यासात काही पेशंटांना औषध आणि काहींना नुसत्या कोऱ्या, साखरेच्या गोळ्या द्यायच्या होत्या. कोणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं होतं. माझ्या नावाखाली ह्यांनीच सही केली. आणि डॉक्टरांना म्हणाले, "चिठ्ठी नका टाकू. हिला कोऱ्याच द्या."

"का?" मी विचारलं.

"मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"खरंच दुखतं का ते." आणि मग जरा समजावणीच्या सुरात, "अगं, चांगलंच झालं ना? साखरेने थांबलं म्हणजे मोठं काही नव्हतंच. मनाचं होतं. तूच तर दर वेळी म्हणालीस, बरं आहे."

मला ओरडता येतं, हे मी आधीच सांगितलंय. त्या दिवशी एवढंच बोलले, "आठही महिने तुम्ही मला कांदा टाळताना बघत होता?"

ते म्हणाले, "मध्येच सांगितलं असतं तर कळलं नसतं ना."

हा माणूस रोज समोर जेवायला बसायचा. मी वरणाला हिंगाशिवाय फोडणी द्यायचे, तो निमूट खायचा. घरात कापराची डबी दिसली की मी धावत जाऊन बाहेर ठेवायचे, तो बघायचा. मी झाकणात चार गोळ्या मोजून, डोळे मिटून जिभेवर टाकायचे, आणि तो पेपरच्या मागून माझी परीक्षा घ्यायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्याने मला मारलं असतं तर मी कुणाला दाखवू शकले असते. हे कुठे दाखवू?

डॉक्टरांकडे

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून एकटी गेले. गोड डॉक्टर मला बघताच उठून उभे राहिले, ह्यांचा फोन गेला असावा. मी कागद मागितला. त्यांनी दिला. वरच्या बाजूला निळ्या शाईत माझंच वाक्य होतं, घरात कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून जीव तुटतो. त्याच पानावर खाली औषधाच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं, एस. एल. विचारलं, हे काय? म्हणाले, "दुधाची साखर, ताई. आमच्यात तसंच लिहितात."

मी म्हटलं, "वरचं लिहिलं तुम्हीच, खालचंही तुम्हीच. लिहिताना हात थांबला नाही?"

ते रडवेले झाले. म्हणाले, "तुमचे मिस्टर इतक्या काळजीने बोलत होते. मला वाटलं, घरच्यांची इच्छा आहे." मग म्हणाले, "पण ताई, तुमचा आलेख खरंच बदलला होता. तुम्ही खोटं बोलत नव्हता. मीच गोंधळून गेलो, साखरेवर कसा बदलेल?"

"मग हे तुम्ही त्यांना सांगितलंत? माझा आलेख खरा आहे म्हणून?"

नव्हतं सांगितलं.

लोक मला विचारतात, होमिओपॅथी खरी की खोटी? मला काय माहीत! मला ती मिळालीच नाही. मला जे लागू पडलं ते म्हणजे एका माणसाने दोन तास ऐकून घेतलं, आणि मला वाटलं की घरातलेही आता माझ्या बाजूने आहेत, गोळ्यांची आठवण करून देतायत, पाणी हातात देतायत. त्यावर माझं अंग सैल सुटलं होतं. ते सगळं आतून पोकळ निघालं.

परत

पंधरा दिवसांत दुखणं परत आलं आणि मागचं सगळं वसूल करायला आल्यासारखं आलं. उठता येईना. ह्यांनी काय म्हणावं? "बघ. कळलं आणि लगेच दुखायला लागलं." त्यांना वाटलं, आता तर सिद्धच झालं. बायको बरी होती, खोटं उघडं पडल्यावर परत आजारी पडली. एखादा गुन्हेगार दोन्हीकडून पकडावा तशी माझी गत. बरं वाटलं तर दुखणं खोटं, दुखलं तर नाटक.

सहा वर्षं तशीच गेली. भांडणं नाहीत, काही नाही. मी त्यांना डबा दिला, त्यांनी मला स्कूटरवरून सोडलं. फक्त दुखतंय हा शब्द मी घरात उच्चारायचा बंद केला. कारखान्यात मैत्रिणींनी माझ्या वाटणीचे अवघड स्क्रू गुपचूप आपल्या ट्रेमध्ये ओढून घेतले, त्यांच्यामुळे नोकरी टिकली. सासूबाईंनी मात्र त्या दिवसानंतर प्रत्येक खेपेला माझे पाय चेपले. मी नको म्हटलं तरी. तेल घेऊन बसायच्या. त्या गेल्या तेव्हा मी पोटच्या आईसारखी रडले.

मुंबई नाक्याजवळच्या मॅडम

प्रज्ञा कॉलेजात गेली आणि तिने हट्टाने मला दुखण्याच्याच उपचाराचं शिक्षण घेतलेल्या एका डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडमनी सांगितलं, मेंदू दुखण्याची घंटा वाजवतो. काहींची घंटा अडकून बसते, साध्या धक्क्यालाही जोरात वाजते. भरवसा, झोप, हळूहळू व्यायाम, काही गोळ्या यांनी ती मंदावते. साखरेच्या गोळीवर तुम्हाला जे बरं वाटलं तेही खरंच होतं, कारण भरवशाने मेंदूच घंटा हळू करतो. त्यावरून दुखणं खोटं ठरत नाही. मी विचारलं, माझे ते दोन आलेख दाखवू का? त्या म्हणाल्या, एवढ्याशा आलेखावरून मला काही सांगता येणार नाही, आणि मला त्याची गरजही नाही, तुम्ही सांगताय ना. एवढं सरळ बोलणारी डॉक्टर मला पहिल्यांदा भेटली.

पुढच्या खेपेला त्यांनी ह्यांना बोलावलं. मी नको म्हणत होते, पण हे आले. टेबलावर मॅडमनी एक जाड परदेशी पुस्तक उघडलं. मेंदूची रंगीत चित्रं. एका चित्रात थोडासा लाल ठिपका, दुसऱ्यात सगळीकडे लाल. मॅडम म्हणाल्या, "सारखाच दाब दोघींच्या अंगठ्यावर दिला. ही निरोगी बाई आणि ही तुमच्या मिसेससारखा आजार असलेली. हिच्या मेंदूत बघा किती पेटलंय."

हे पुढे वाकले. चष्मा पुसला. पान बोटाने चाचपून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. ह्या माणसाला मी स्वतःच्या बापाच्या अंत्यविधीलाही रडताना पाहिलं नव्हतं.

बाहेर येऊन स्कूटर काढली. मी मागे बसले. द्वारका चौकात नेहमीची गर्दी, ट्रक, रिक्षा, आम्ही एका कडेला अडकलो. तिथे त्यांनी मान वळवून म्हटलं, "सुमन, तुला दुखतंय. मला आता माहितेय."

तेच वाक्य. अगदी तेच, जे कधी काळी मी सांगितलं आणि गोड डॉक्टरांनी निळ्या शाईत लिहून घेतलं होतं. मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी विरघळेन, सगळं माफ करेन. तोंडही उघडलं होतं मी. पण बाहेर पडलं ते वेगळंच.

मी म्हटलं, "ते चित्र माझ्या मेंदूचं नव्हतं."

"हो, पण..."

"कुठल्या तरी परदेशातल्या बाईचं होतं. तिला तुम्ही कधी बघितलं नाही, तिचं नाव माहीत नाही. तिचं दुखणं तुम्हाला पाच मिनिटांत पटलं. मी तुमच्या शेजारी झोपून नऊ वर्षं कण्हत होते."

मागून हॉर्न वाजत होते. 

मी विचारलं, "ते पुस्तक नसतं तर? खरं सांगा. माझ्या नुसत्या सांगण्यावर पटलं असतं?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. मला वाटतं, मी ते खोटं घेतलंही असतं. पण ते मुळात खरं बोलणारे गृहस्थ. समोरच्या ट्रककडे बघत म्हणाले, "नसतं पटलं गं."

मी स्कूटरवरून उतरले. गुडघे ठणकत होते. "सुमन, बस ना, दुखेल तुला," ते म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले. मी ट्रकच्या मधून वाट काढत रस्त्याच्या पलीकडे गेले आणि नाशिकरोडची सिटी बस आली तिच्यात चढले. बसायला जागा नव्हती. घरापर्यंत उभी होते.